हळदीच्या फोटोंसाठी नॉबचा डबा घ्यावा का?

प्रश्न : रोह्यात माझा छोटा फोटो स्टुडिओ आहे. लग्न, हळद, साखरपुडा, बारसं अशी कामं घेतो. तुळशीचं लग्न लागलं की सीझन सुरू होतो आणि मग रात्र रात्र लाइटरूममध्ये कलर करेक्शन चालतं. फोटो एडिटिंगसाठी खास नॉब आणि बटणं असलेले कन्सोल मिळतात. माउस सोडून त्यावर काम केलं की वेग दुप्पट होतो, असं व्हिडिओत दाखवतात. पैसे घालावेत का? (एक स्टुडिओचालक, रोहा)

तुमच्या कामांच्या यादीत हळद नसती, तर 'नको' एवढंच लिहून पुढच्या पत्राकडे वळलो असतो. हळद आहे म्हणून उत्तर लांबणार.

आधी ही वस्तू काय आहे ते बघू. लाइटरूममध्ये एक्स्पोजर, टेंपरेचर, टिंट, हायलाइट्स, शॅडोज अशा पट्ट्या असतात आणि त्या आपण माउसने सरकवतो. कन्सोलवर त्याच पट्ट्यांसाठी खरेखुरे नॉब असतात. फिनलंडच्या लूपडेक कंपनीने २०१६ मध्ये लोकवर्गणीतून पैसे उभे करून खास लाइटरूमसाठी असा कन्सोल काढला. २०२३ मध्ये लॉजिटेकने ती कंपनी विकत घेतली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये एमएक्स क्रिएटिव्ह कन्सोल जाहीर केला. नऊ छोट्या पडद्यांची बटणं, शेजारी मोठी फिरती चकती, आणि तेव्हाची किंमत सुमारे २०० डॉलर. टूरबॉक्स नावाची एका हातात मावणारी चिनी वस्तूही आहे. शिवाय बेहरिंगर एक्स-टच मिनीसारखी, मुळात संगीतवाल्यांसाठी बनवलेली मिडी यंत्रं. त्यांना मिडीटूएलआर हे फुकट प्लगइन जोडलं की तीही लाइटरूम क्लासिक चालवू लागतात.

ही कल्पना नवी नाही. फिल्मच्या जमान्यात कलर लॅबमध्ये गेला असाल तर फ्युजी किंवा नोरित्सुच्या मशीनवर बसलेला ऑपरेटर आठवेल. त्याच्यापुढच्या कीबोर्डवर सायन, मॅजेंटा, यलो आणि डेन्सिटी यांच्या कमी-जास्त करायच्या कळा असायच्या. डोळे पडद्यावरच्या फ्रेमवर, बोटं कळांवर. एक फ्रेम बघितली, यलो दोन कमी, डेन्सिटी एक जास्त, पुढची. अख्खा रोल तो बघता बघता हातावेगळा करायचा. सिनेमाचं ग्रेडिंग करणाऱ्यांच्या टेबलावर आजही सावल्या, मधला उजेड आणि लखलखाट यांच्यासाठी तीन वेगळे फिरते गोळे असतात. तिथे ग्रेडिंग रूमचं भाडं तासावर चालतं आणि मागच्या सोफ्यावर दिग्दर्शक बसलेला असतो. कलरिस्टने नजर चित्रावरून काढून पट्टी शोधत बसणं परवडत नाही. कन्सोलचा खरा फायदा वेगात कमी आणि यातच जास्त आहे, की नजर फोटोवरून हलत नाही. विकणारे मात्र वेगाचीच जाहिरात करतात.

आता वेगाचा हिशोब मांडू. समजा एका लग्नात निवडून ६०० फोटो उरले आणि कन्सोलमुळे प्रत्येक फोटोमागे ३ सेकंद वाचले. एका लग्नामागे अर्धा तास झाला. सीझनला २५ लग्नं धरली तर साडेबारा तास. कन्सोलला २० हजार घातले, तर पहिल्या सीझनला वाचलेला एकेक तास १,६०० रुपयांना पडला. तेवढ्या पैशांत एखादा होतकरू मुलगा फोटो निवडायला बसवता येईल, आणि त्याने वाचणारे तास साडेबारापेक्षा नक्कीच जास्त असतील. लग्नाच्या कामात वेळ खातं ते सिलेक्शन. त्यानंतर करिझ्मा अल्बमची पानं लावणं, आणि त्यानंतर 'मामांचा फोटो कुठे गेला' हा फोन. यातलं काहीच नॉब फिरवून उरकत नाही.

शिवाय लग्नाच्या फोटोंतला मोठा भाग एकाच उजेडातला असतो. मंडपात अंतरपाट धरल्यापासून सप्तपदीपर्यंत दिवे तेच, कॅमेरा तोच. एक फोटो नीट करा, बाकीचे निवडा, सिंक करा. तुमच्या रोह्याच्या धावीर महाराजांच्या पालखीचं काम आलं तरी हेच. पोलिसांची मानवंदना सकाळच्या उजेडात, गल्ल्यांतली पालखी संध्याकाळी, पुढचं रात्रीच्या दिव्यांत. उजेडाप्रमाणे गठ्ठे पाडले की गठ्ठ्यातला एकच फोटो हाताने करायचा. ऑक्टोबर २०२१ पासून लाइटरूममध्ये फोटोतला मुख्य विषय किंवा आभाळ आपोआप निवडणारे मास्कही आले आहेत. पट्ट्या हाताने सरकवायचं काम दरवर्षी थोडं थोडं कमीच होतंय, आणि कन्सोल त्याच पट्ट्यांसाठी आहे हे पैसे घालण्यापूर्वी ध्यानात घ्या.

आता हळद.

आपल्याकडच्या, विशेषतः आगरी-कोळी हळदीला गठ्ठे पडत नाहीत. नवरदेव नखशिखांत पिवळा, मांडवाला झेंडूच्या माळा, डीजेचे एलईडी पार दिवे दर दोन सेकंदाला जांभळे-हिरवे-निळे होतायत, आणि त्यात तुमचा फ्लॅश. कॅमेऱ्याचा ऑटो व्हाइट बॅलन्स एवढा पिवळा बघून समजतो की दिवाच पिवळा आहे, आणि तो मारायला निळा ओततो. हळद मातकट दिसते, चेहरा राखाडी. पुढच्याच फ्रेमला मागून निळा पार पडला की गणित उलटं होतं. इथे सिंक केलं तर शंभरातले ऐंशी फोटो बिघडतात. प्रत्येक फोटोला टेंपरेचर, टिंट, एक्स्पोजर आणि बहुधा पिवळ्याची संपृक्तता, अशा चार गोष्टी वेगळ्या लावाव्या लागतात, आणि एकीला हात लावला की दुसरी हलते. माउसने एका वेळी एकच पट्टी धरता येते. नॉबवर डाव्या हाताने टेंपरेचर आणि उजव्याने टिंट एकदमच फिरवता येतं, नजर कपाळावरच्या त्वचेवर ठेवून. लॅबवाला ऑपरेटर नेमकं हेच करत होता. हळदीचे २०० फोटो असतील आणि प्रत्येकी १२ सेकंद वाचले, तर एका रात्रीत ४० मिनिटं होतात, आणि डोळे कमी शिणतात ते वेगळंच. लग्नापेक्षा हळदीच्या ऑर्डरी जास्त असतील तर कन्सोलचा विचार करायला हरकत नाही.

मात्र दोन गोष्टी. फोटो रॉमध्येच काढा. जेपेगमध्ये कॅमेऱ्याने रंग शिजवून टाकलेला असतो, मग कितीही नॉब फिरवा. आणि ज्या चेहऱ्यावर फक्त निळ्या पारचा उजेड पडलाय, त्यावर लाल उजेड पोहोचलेलाच नसतो. जे कॅमेऱ्यात आलंच नाही ते कन्सोल कुठून आणणार? असा फोटो सरळ कृष्णधवल करा. गिऱ्हाईक त्याला 'आर्टिस्टिक' म्हणतं.

घ्यायचाच ठरला तर कुठला? नॉब दोन जातीचे असतात. एक, रेडिओच्या व्हॉल्यूमसारखा, ज्याला सुरुवात आणि शेवट आहे. दुसरा कितीही फिरवा, अंत नसलेला. पहिल्या जातीत गोची अशी, की पहिल्या फोटोला एक्स्पोजर वाढवून नॉब उजवीकडे गेला, आणि दुसऱ्या फोटोची पट्टी मात्र शून्यावर आहे. नॉबला स्पर्श करताच दुसऱ्या फोटोचं एक्स्पोजर उडी मारतं. मिडीटूएलआरमध्ये यावर उपाय आहे, नॉब पट्टीच्या जागेवर येईपर्यंत तो पकडच घेत नाही. पण मग दर फोटोला ती जागा शोधत बसा. काही महाग यंत्रांत पट्ट्यांना मोटर असते आणि त्या आपल्या आपण सरकून फोटोच्या आकड्यावर येतात. बघायला मजा, पण लग्नाच्या कामाला गरज नाही. अंत नसलेलेच नॉब घ्या. एक्स-टच मिनीवर असे आठ नॉब आहेत, प्रत्येकाभोवती दिव्यांचं कडं, आणि पट्टी कुठे आहे ते त्या कड्यावर दिसतं. खास फोटोवाल्या कन्सोलपेक्षा तो बराच स्वस्तही पडतो. नॉबवर 'एक्स्पोजर' वगैरे छापलेलं नसतं, तेवढं मार्करने लिहून घ्या.

त्याआधी फुकटात करून बघायची युक्ती सांगतो. ज्याच्या निळ्या दिव्यांनी तुमचे फोटो बिघडवले, त्याच डीजेवाल्याकडे एक कंट्रोलर असतो, फिरत्या तबकड्या आणि नॉबवाला. संगणकाला यूएसबीने जोडायचे बहुतेक डीजे कंट्रोलर मिडीच बोलतात. सुपारी नसलेल्या आठवड्यात तो मागून आणा, मिडीटूएलआर टाका आणि एक जुनी हळद त्यावर पुन्हा करून बघा. त्याचे बरेच नॉब पहिल्या जातीचे निघतील, म्हणजे वर सांगितलेली उडी अनुभवाल. पण दोन्ही हातांनी रंग लावणं आपल्याला जमतं का, आवडतं का, ते कळेल. चार-पाच रात्रींनंतर हात आपोआप माउसकडे जात असेल तर विषय संपला. खूप जणांचा कन्सोल असाच सहा महिन्यांनी टेबलाच्या कडेला जातो आणि त्यावर हार्ड डिस्क ठेवायची जागा होते.

आणि तुमचा संगणक? पट्टी हलवल्यावर फोटो अर्धा सेकंद थांबून बदलत असेल, तर नॉबही अर्धा सेकंद थांबूनच चालणार, फक्त जास्त चिडचिड होणार. कॅटलॉग अजून जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर असेल तर पहिले पैसे एसएसडीला, मग रॅमला. स्मार्ट प्रीव्ह्यू करून त्यावर काम केलं तरी फरक पडतो, आणि त्याला पैसे लागत नाहीत.

कीबोर्डवरच्या किती कळा तुम्ही वापरता हेही विचारायला हवं. कॅप्स लॉक चालू ठेवून पी किंवा एक्स दाबलं की फोटो निवडला किंवा टाकला जातो आणि पुढचा आपोआप समोर येतो. डेव्हलपमध्ये स्वल्पविराम आणि पूर्णविरामाच्या कळांनी बेसिकमधल्या एका पट्टीवरून दुसरीवर जाता येतं, आणि अधिक-उण्याच्या कळांनी ती पट्टी हलते. कंट्रोल-ऑल्ट-व्हीने आधीच्या फोटोचं सगळं पुढच्याला लागतं. एवढं बोटांत बसलं की कन्सोलच्या जाहिरातीतला निम्मा वेग तुमच्याकडे आलेला असेल.

मनगट दुखतं म्हणून कन्सोल हवा असेल तर ते कारण मला पटतं. काम दोन हातांत वाटलं जातं, क्लिक कमी होतात. पण आधी टेबलाची उंची बघा आणि दुखणं जुनं असेल तर डॉक्टरला दाखवा. नवरीच्या चेहऱ्यावरचं बारीक रिटचिंग जास्त असेल तर नॉब नकोच, पेन टॅब्लेट घ्या. दाब कमी-जास्त करून ब्रश चालवण्याचं काम कुठलाच नॉब करत नाही.

प्रश्न : पेणजवळ आमचा गणपतीचा कारखाना आहे. मूर्तींचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून मुंबई-पुण्याच्या ऑर्डरी घेतो. 'फोटोतला पीतांबर वेगळा आणि मूर्तीवरचा वेगळा' अशी तक्रार येते. भाचा म्हणतो, एडिटिंगचा कन्सोल घेऊ. घ्यावा का?

नाही. भाच्याला सांगा, आधी ट्यूबलाइट बंद कर. शेडमध्ये एका बाजूने दारातलं ऊन आणि दुसऱ्या बाजूने ट्यूब असेल, तर पीतांबराची एक बाजू एका रंगाची आणि दुसरी दुसऱ्या रंगाची येणारच. एक कोपरा ठरवा, मागे साधा राखाडी किंवा पांढरा कपडा, उजेड एकाच जातीचा आणि ९५ च्या वर सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) असलेला. मूर्तीशेजारी ग्रे कार्ड ठेवून पहिला फोटो काढा. लाइटरूममध्ये त्या कार्डावर ड्रॉपर टेकवून बाकीचे फोटो सिंक केले की त्या बैठकीतल्या सगळ्या मूर्तींचा रंग एकदम लागतो. तुमची मूर्ती हळदीतल्या नवरदेवासारखी नाचत नाही. सिंक तुमच्यासाठीच आहे. कन्सोलचे पैसे मॉनिटर कॅलिब्रेट करायच्या यंत्रात घाला, स्पायडर किंवा कॅलिब्राइट, कुठलंही.

एवढं करूनही काही रंग हुलकावणी देतील. फ्लोरोसंट रंग मुळातच साध्या पडद्याच्या आवाक्याबाहेर असतो, म्हणून शेंदरी झगझगीत किनार फोटोत नेहमी थोडी विझलेली दिसते. सोनेरी आणि पर्लचा रंग कोनाप्रमाणे बदलतो. अशा मूर्तींचा फोटोबरोबर दहा सेकंदांचा व्हिडिओही पाठवा, मूर्ती पाटावर सावकाश फिरवून. आणि गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर 'व्हिव्हिड' सेटिंग असेल तर पीतांबर तिथे भडकच दिसणार. ऑर्डर पक्की करताना वापरलेल्या रंगाचा डबा किंवा रंग लावलेली चिठ्ठी त्याच उजेडात, मूर्तीशेजारी धरून फोटो काढून ठेवलात, तर दाखवायला पुरावा राहतो.

प्रश्न : वापरलेला लूपडेक स्वस्तात मिळतोय. घेऊ?

पैसे देण्याआधी त्याचं सॉफ्टवेअर तुमच्या विंडोजवर आणि तुमच्या लाइटरूमच्या आवृत्तीवर बसतं का, ते विकणाऱ्यासमोर आपल्याच लॅपटॉपवर चालवून बघा. कन्सोल म्हणजे निम्मं सॉफ्टवेअर. कंपनी विकली गेली की आधी तेच मागे पडतं, आणि मग टेबलावर नुसते नॉब उरतात. मिडीचा डबा त्या मानाने सुरक्षित, कारण तो एका कंपनीच्या मर्जीवर चालत नाही. नॉब एकेक करून पूर्ण फिरवा. पावसाळ्यात आपल्याकडच्या दमट हवेत ठेवलेले जुने नॉब मध्येच आकडा गाळतात, आणि ते नुसतं बघून कळत नाही.