अस्सल जुन्नरच्या वाड्यातला?

'अस्सल जुन्नरच्या वाड्यातला' एवढं म्हटलं की झोपाळ्याचा भाव चढतो. जुन्नर, ओतूर, घोडेगाव, मंचर इथले सागवानी वाडे उतरू लागले, तशी त्यांची दारं, पेटारे, फडताळं पुण्या-मुंबईला जाऊ लागली. मुंबईच्या चोर बाजारात नि जोगेश्वरीत जुन्याशेजारी नवी नक्कलही उभी असते. नकलेला माझा विरोध नाही, रोज बसायला तर तीच बरी. फक्त तिचे पैसे लाकडाचे आणि मजुरीचे द्यावेत, शंभर वर्षांचे नव्हेत.

सोबत टॉर्च, भिंग, मापाची टेप, चुंबक, कापूस आणि थोडं स्पिरिट घ्या. वस्तू उलटी करायला एक धट्टाकट्टा माणूसही.

आधी ती उलटीच करा. जुना सुतार दिसेल तेवढीच बाजू घासायचा. पाठीला वाकसाचे उथळ घाव किंवा हातकरवतीच्या कमीजास्त तिरक्या रेघा सापडतात. कमानीसारख्या वक्र रेघा असल्या तर फळी यंत्राच्या गोल करवतीतून निघाली आहे. प्लायवूड दिसलं, तर पुढचं काही तपासायलाच नको.

मग सांधे पाहा. कुसू घट्ट बसवून लाकडी खुंटी मारलेली असेल तर बरं. अधिकच्या चिन्हासारखी खाच असलेला स्क्रू १९३० च्या दशकात अमेरिकेत निघाला. 'पेशवाईतल्या' पेटाऱ्यात तो कसा, हे विकणाऱ्याला विचारा. दुरुस्तीत आला असेल, तर शेजारी जुन्या खिळ्याचं भोक सापडायला हवं.

टेप आता काढा. लाकूड रेषेच्या आडव्या अंगाने आकसतं, लांबीत जवळपास नाहीच. म्हणून कातीव पाय किंवा गोल फळी दोन दिशांनी मोजली, तर जुन्या वस्तूत सहसा थोडा फरक येतो. तंतोतंत गोल निघाली, तर संशय धरा.

झीज हात-पाय लागतात तिथेच हवी: झोपाळ्याची पुढची कड, पेटाऱ्याच्या कोयंड्याखालची जागा. साखळीने ठोकून केलेलं म्हातारपण सगळीकडे सारखं असतं. आहुप्याकडच्या पावसात ओल्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या वस्तूचे पाय तळाशी कुजतात. तिथे नवा तुकडा जोडलेला असला तर मी खोट मानत नाही, थोडा भाव पाडतो इतकंच. 'पितळी' कड्यांना चुंबक चिकटलं, तर आत लोखंड आहे. लपलेल्या कोपऱ्यात स्पिरिटचा बोळा लावा: पॉलिश चिकट झालं तर ते लाखेचं. लाख आजही मिळते, त्यामुळे एवढ्यावर हुरळून जाऊ नका.

खरी फसगत पुढेच आहे. बाजारातलं पुष्कळसं सामान ना जुनं ना नकली, ते जुळवलेलं असतं. वाड्याच्या दाराला चार पाय लावले की टीपॉय झाला. त्यात लाकूड जुनं, टीपॉय नवा. त्याला जुन्या लाकडाचा भाव द्या, जुन्या फर्निचरचा नको. कपाटाची दारं एकीकडची नि चौकट दुसरीकडची असली, तरी हाच हिशोब. संग्राहक जास्त मोजतो तो अखंड, न बदललेल्या वस्तूला.

आणि कुळकथा असलेल्या वस्तूला. कुठल्या गावातलं घर, कुठली खोली, काढण्याआधीचा फोटो: विकणाऱ्याकडून हे लिहून घ्या. 'आंबेगावचा' असं सांगितलं तर जास्तच विचारा. जुनं आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्यात गेलं, आता तिथे घर दाखवायची सोय नाही. घरातला एखादा जुना फोटो तरी हवा.

वस्तू शंभर वर्षांपलीकडची असेल तर १९७२ चा पुरावशेष कायदा आडवा येतो. अमेरिकेतल्या मुलाकडे ती पाठवण्याचा बेत सोडा, खासगी निर्यातीला बंदी आहे.

घरी आणल्यावर कोरड्या मऊ कापडाने पुसा, पश्चिमेच्या खिडकीपासून लांब ठेवा. पॉलिशवाल्याने जुना थर खरवडून 'नवीन करून देतो' म्हटलं, तर त्याला चहा पाजून परत पाठवा.