हाऊसफुल शो, तरी १५० रुपये खिशातून!

मागच्या व्हिडिओखाली बऱ्याच जणांनी तो हिशोब लिहून मागितला होता, म्हणून हा लेख.

आपल्या बॅचमधला एक मुलगा पुढच्या महिन्यात सदरमध्ये पुण्याच्या एका रॉक बँडचा लाइव्ह शो ठेवतोय. बँड स्वतःची गाणी करणारा, मागे कुठली कंपनी नाही. पोरगा माझ्या दुकानात पोस्टर छापायला आला. मी म्हटलं, पोस्टर राहू दे बापा, आधी कागद-पेन घे.

बँडचं मानधन २५,०००. पाच जणांचं जाणं-येणं, राहणं, जेवण १५,०००. साउंड-लाइट २०,०००. हॉल १०,०००. किरकोळ ५,०००. झाले ७५,०००. हॉलमध्ये माणसं मावतात १५०, तिकीट ४९९. गुणाकार करा: ७४,८५०. म्हणजे एकही खुर्ची रिकामी नाही, तरी दीडशे रुपये घरून! पोरगा गप्पच बसला.

मग म्हणे, "सर, तिकीट ५९९ करतो." इथे थांबा. गाण्याच्या कार्यक्रमाचं तिकीट ५०० रुपयांपर्यंत असेल तर त्यावर जीएसटी नाही. त्याच्यावर गेलं की पूर्ण रकमेवर १८ टक्के. तो शो करणार होता वडिलांच्या फर्मच्या नावाने, आणि फर्मचं जीएसटी रजिस्ट्रेशन आहे. ५९९ मधून कर वजा केला की उरतात साधारण ५०७ रुपये ६३ पैसे. गिऱ्हाइकाकडून शंभर जास्त घेतले, आपल्या हातात पडले पावणेनऊ सुद्धा नाही.

दर वाढवून जमत नसेल तर खर्चाकडे वळायचं. त्याने बँडशी मोकळेपणाने बोलणं केलं: १०,००० पक्के, खर्च निघाल्यावर उरेल त्यात निम्मा वाटा. बँड तयार झाला, कारण त्यांनाही नागपुरात ऐकणारे हवेतच. दुसऱ्या दिवशी रायपूरला शो जुळवला, तिथल्या आयोजकाने प्रवासातले ७,००० उचलले. आता खर्च ५३,०००, म्हणजे १०७ तिकिटं गेली की पैसे वसूल. अजूनही सोपं नाही, पण शक्य आहे.

जागेचंही सांगतो. त्याला आधी गच्चीवर करायचं होतं. मी साफ नको म्हटलं. रात्री १० नंतर उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही, आणि दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्यापासून १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र धरतात. मुंबईत इंडिपेंडन्स रॉक हा महोत्सव १९८६ मध्ये सुरू झाला, धोबी तलावजवळच्या रंगभवनात तो गाजला. पण आजूबाजूला हॉस्पिटलं, कॉलेज. शांतता क्षेत्राच्या नियमामुळे तिथला मोठा आवाज बंद पडला. एवढ्या नावाजलेल्या जागेचं असं झालं, तर आपली गच्ची कोण सोडणार? बंद हॉल घ्या, पोलीस परवानगीचा अर्ज वेळेत द्या, वाजवायच्या गाण्यांची यादी बँडकडून लेखी घ्या. दुसऱ्याचं एखादं गाणं मध्येच घेतलं तर लायसन्सचा प्रश्न येतो.

टी-शर्टचा मोह मला स्वतःला नडलाय. एका शोसाठी १०० छापले, छातीवर मोठी तारीख टाकून. विकले ३१. दुसऱ्या दिवशी ती तारीख शिळी झाली, उरलेल्यांनी अजून दुकानातलं मशीन पुसतो. पोराला सांगितलं, फक्त बँडचं नाव टाक, ३० काप, बाकीच्यांची ऑर्डर पैसे घेऊनच.

काल रात्रीपर्यंत ६४ तिकिटं गेली होती. १०७ ला अजून ४३ बाकी. पुढच्या व्हिडिओत खरा आकडा सांगतो, नफा असो की तोटा.