लसीचा थंडावा सांभाळा

पावसाळा तोंडावर आला की शहापूर व मुरबाड तालुक्यांत भातशेतीची लगबग सुरू होते. घटसर्प व फऱ्या हे रोग याच दिवसांत उद्भवतात. चिखलणीला जुंपावयाचा बैल घटसर्पाने एका दिवसात दगावला, तर लावणी खोळंबते आणि वर्षाचे पीक हातचे जाते. या रोगांवर खरा उपाय रोग होण्यापूर्वीच करावयाचा असतो. तो म्हणजे लस. परंतु लस टोचली एवढ्याने भागत नाही. टोचेपर्यंत ती योग्य थंडाव्यात राहिली पाहिजे.

लसीचे कार्य

लस हे रोग बरा करणारे औषध नव्हे. मारलेले किंवा दुर्बळ केलेले रोगजंतू टोचून शरीराला रोगाशी झुंजण्याची आगाऊ तालीम देणे, हे तिचे कार्य होय. ही तालीम पुरी होण्यास दोन ते तीन आठवडे लागतात. म्हणून साथ दाराशी आल्यावर धावपळ करण्यात अर्थ नसतो.

लसीचे सामर्थ्य बुळकांडीच्या उदाहरणावरून दिसते. या रोगाच्या निर्मूलनाची राष्ट्रीय योजना १९५४ मध्ये सुरू झाली. २००६ मध्ये भारत बुळकांडीमुक्त ठरला आणि २०११ मध्ये हा रोग जगातून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. २०२२ मध्ये महाराष्ट्रात लम्पी चर्मरोग पसरला, तेव्हा प्रथम शेळ्यांच्या देवीची लस गाईबैलांना टोचण्यात आली. त्याच वर्षी हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राने भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेच्या साहाय्याने लम्पीची स्वतंत्र लस सिद्ध केली. डिसेंबरमध्ये तिचे तंत्रज्ञान पुण्याच्या पशुवैद्यकीय जैविक पदार्थ निर्मिती संस्थेस देण्याचा करार झाला.

लसीचा आधार नसेल तर काय होते, हे शहापूर तालुक्याने पाहिले आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये वेहळोली येथे बर्ड फ्लू आढळला, तेव्हा परिसरातील हजारो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या.

दोन प्रकार, दोन पथ्ये

घटसर्प, फऱ्या, आंत्रविषार व लाळ्या-खुरकूत यांच्या नेहमीच्या लसी मृत जंतूंच्या असतात. त्या २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये ठेवाव्यात. त्या कधीही गोठू देऊ नयेत. गोठलेली कुपी पुन्हा पातळ झाली तरी निकामीच समजावी. अशा कुप्या बर्फाला थेट चिकटवून न ठेवता मध्ये कागद किंवा कापड घालावे.

शेळ्यांतील पी.पी.आर. व देवी तसेच कोंबड्यांतील मानमोडी (राणीखेत) यांच्या भुकटीरूप लसीत दुर्बळ केलेले जिवंत विषाणू असतात. उष्णतेने ते मरतात आणि बाहेरून काही दिसत नाही. ही लस सोबतच्या द्रावणातच विरघळवावी, बर्फावर ठेवावी आणि बाटलीवर दिलेल्या मुदतीत संपवावी. उरलेली लस दुसऱ्या पाड्यासाठी राखू नये. पिचकारी स्पिरिटने पुसू नये, कारण त्याने लसीतील विषाणू मरतात.

ग्रामसेवक व पशुसखी यांच्यासाठी

आडबाजूच्या पाड्यावर पायवाटेने जावयाचे असेल, तर सकाळी लवकर निघावे व जनावरे आधीच एकत्र बांधून ठेवावयास सांगावे. पेटी वारंवार उघडू नये. प्रत्येक जनावरास स्वतंत्र सुई वापरावी. लसीचा गट क्रमांक, दिनांक व जनावराच्या कानातील बिल्ल्याचा क्रमांक नोंदवावा.

शेतकरी बंधूंसाठी

घटसर्प व फऱ्या यांची लस मे महिन्यातच टोचून घ्यावी. पौष पौर्णिमेला म्हसा येथील यात्रेत दूरदूरची जनावरे एकत्र येतात. तेथे जनावर नेण्यापूर्वी किमान तीन आठवडे लाळ्या-खुरकूताचे लसीकरण झालेले असावे. बाजारातून आणलेले जनावर काही दिवस वेगळे बांधावे.

लस टोचल्यावर एक-दोन दिवस बारीक ताप येणे, टोचल्या जागी गाठ होणे किंवा दूध थोडे घटणे यात घाबरण्यासारखे काही नाही. आजारी जनावरास मात्र लस टोचू नये, पशुवैद्यकास दाखवावे.

लस टोचावयास येणाऱ्या कार्यकर्त्यास प्रत्येक शेतकऱ्याने पेटीतील बर्फ दाखवावयास सांगावे. हा अविश्वास नव्हे. आपल्या गोठ्याची ती काळजी आहे, आणि चांगला कार्यकर्ता पेटी आनंदाने उघडून दाखवील.