उरलेलें हिम व एकटा वाटसरू

आपल्या कळसूबाईची उंची १,६४६ मीटर आहे. स्कॉटलंडमधील बेन नेव्हिस हा ब्रिटनमधील सर्वांत उंच पर्वत. पण त्याची उंची १,३४५ मीटरच भरते. असें असतां कळसूबाईवर हिम पडत नाहीं आणि बेन नेव्हिसच्या माथ्यावर मे महिन्यांतही हिमाचे पट्टे दिसतात, हें कसें? आणि अशा उरलेल्या हिमावरून एकट्यानें जाऊन सायंकाळीं सुखरूप घरीं येण्यास काय लागतें? या दोन प्रश्नांचा आज विचार करूं.

पहिलें कारण अक्षांशाचें. कळसूबाई विषुववृत्तापासून सुमारें साडेएकोणीस अंशांवर आहे, तर बेन नेव्हिस जवळजवळ सत्तावन्न अंशांवर. तेथें सूर्यकिरण तिरपे पडतात. शिवाय दर हजार मीटर चढल्यावर हवा सरासरी साडेसहा अंशांनीं थंड होते. सन १८८३ पासून १९०४ पर्यंत या शिखरावर एक वेधशाळा होती व तेथील निरीक्षक दिवसरात्र दर तासाला नोंदी करीत. त्यांवरून शिखरावरील वर्षाचें सरासरी तपमान शून्य अंशाच्या किंचित खालींच येतें.

दुसरें कारण हिमाच्या स्वभावांत आहे. एक ग्रॅम पाणी एका अंशानें तापविण्यास एक उष्मांक पुरतो. परंतु एक ग्रॅम बर्फ नुसतें वितळविण्यास ८० उष्मांक खर्चावे लागतात. त्यांत शुभ्र हिम आपल्यावर पडलेला बहुतेक प्रकाश परत फेकतें. हिवाळ्यांतील वारा हें हिम उत्तरेकडील सावलीच्या घळींत दाबून भरतो. म्हणून दरींत फुलें उमललीं तरी माथ्यावर हिवाळा रेंगाळत राहतो.

आतां कल्पनेनें मे महिन्यांतील एका वाटसरूच्या मागून जाऊं. ग्लेन नेव्हिसच्या दरींतून तो सकाळीं सात वाजतां निघाला. जाऊन येऊन वाट सुमारें १७ किलोमीटर, व चढ १,३०० मीटरांहून अधिक. सात ते नऊ तासांचें काम. निघण्यापूर्वीं त्यानें घरमालकिणीस चिठ्ठी लिहून दिली: "या वाटेनें जात आहें. एक वाजतां जेथें असेन तेथून परत फिरेन. सहापर्यंत आलों नाहीं तर मदत बोलवावी." पाठपिशवींत नकाशा, होकायंत्र, लोंकरीचे कपडे, दिवा, खाणें आणि हिमांत रोवण्याची कुऱ्हाड होती.

निम्म्या वाटेवर एक लहान तळें लागतें. तेथून पुढें नागमोडी वाट सुरू होते व कांहीं वेळानें ती हिमाखालीं गडप होते. सकाळीं हें हिम रात्रीच्या थंडीनें कठीण झालेलें असतें. त्यावरून पाय घसरला तर कुऱ्हाड रोवूनच स्वतःला थांबवावें लागतें. दुपारीं तेंच हिम मऊ होतें व पाय गुडघ्यापर्यंत रुततो. ओढ्यावरील हिम तर फारच फसवें. खालून वाहतें पाणी त्याला पोखरीत असतें आणि वरून तें अखंड दिसतें. ज्या हिमावरून आपण सकाळीं चढलों तें परततांना तेंच राहिलेलें नसतें, हें ध्यानांत ठेवावें.

साडेबारा वाजतां आपला वाटसरू माथ्याच्या पठारावर पोहोंचला आणि धुकें उतरलें. खालीं पांढरें, वर पांढरें. आकाश कोठें संपतें व भूमि कोठें सुरू होते तें कळेना. पुढें कोणाच्या तरी पाउलांचे ठसे होते. परंतु ते शिखराकडे जातात कीं कड्याकडे, हें कोण सांगणार? या पठाराच्या उत्तरेस सुमारें ७०० मीटरांचे कडे तुटले आहेत. त्यांच्या धारेवर वाऱ्यानें रचलेले हिमाचे छज्जे पुढें लोंबत असतात. वरून तें सपाट अंगणच वाटतें. पण खालीं आधार नसतो.

धुक्यांत शिखरावरून उतरण्याची रीत नकाशांवर छापलेली असते: शिखरावरील खांबापासून नकाशाच्या उत्तरेशीं २३१ अंशांचा कोन करून १५० मीटर जावें, मग २८२ अंशांकडे वळावें. पहिली दिशा एका बाजूच्या घळीपासून वांचविते, दुसरी दुसऱ्या बाजूच्या घळीपासून. दोघे असले म्हणजे एकानें पुढें उभें राहावें व दुसऱ्यानें होकायंत्रानें त्याची दिशा तपासावी. एकट्याला ही सोय नाहीं. पाउलें मोजणारा तोच आणि चुकणाराही तोच. म्हणून जेथें दोघांनीं पुढें जावें तेथेंही एकट्यानें पुष्कळदां मागें फिरावें.

वाटसरू क्षणभर थांबला. शिखर थोडक्याच अंतरावर होतें व घड्याळांत अजून एक वाजला नव्हता. परंतु मागें स्वतःचे ठसे स्पष्ट दिसत होते आणि पुढें कांहींच दिसत नव्हतें. तो फिरला. साडेचारच्या सुमारास तो दरींत आला व आपली चिठ्ठी आपल्या हातानें परत घेतली.

कोणी म्हणेल, यांत पुरुषार्थ तो काय? त्यांनीं याच पर्वताचा इतिहास पाहावा. सन १८८१ मध्यें क्लेमेंट रॅग नांवाचा हवामानशास्त्रज्ञ १ जूनपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत दररोज हें शिखर चढला. आजची वाट तेव्हां बांधलेलीही नव्हती. वर तो वायुभारमापक वाची; त्याच वेळीं पायथ्याच्या फोर्ट विल्यमला त्याची पत्नी तसेंच यंत्र वाची. दोन नोंदींची तुलना हा शास्त्रीय हेतु होता. पण पाहा, रॅग वर एकटा असला तरी खालीं कोणी तरी त्याच घटकेस घड्याळाकडे पाहत होतें. या परिश्रमाबद्दल त्याला स्कॉटिश हवामान संस्थेचें सुवर्णपदक मिळालें व दोनच वर्षांनीं शिखरावर वेधशाळा उभी राहिली. एका दिवसाच्या धाडसानें हें झालें नसतें. रोज परत आल्यामुळेंच तो दुसऱ्या दिवशीं पुन्हां चढूं शकला.

आपल्या सह्याद्रींत हिम नाहीं; परंतु पावसाळ्यांतील धुकें आहे, निसरडा कातळ आहे, आणि धुक्याआड लपलेला कडाही आहे. तेव्हां मुलांनो, शाळेच्या मैदानावर शंभर मीटर मोजून आपलीं किती पाउलें पडतात तें आजच पाहून ठेवा. आणि पालकहो, मुलगा किंवा मुलगी डोंगरावर जावयास निघाली, तर "नको" म्हणण्यापूर्वीं एवढें विचारा: "कोणत्या वाटेनें जाणार, आणि किती वाजतां परत फिरणार?" ज्याच्यापाशीं याचें उत्तर तयार आहे त्याची तयारी निम्मी झाली असें समजावें. उत्तर नसेल, तर त्याला त्या दिवशीं घरींच बसवून नकाशा उघडावा.