शरद अंगणात येतो

आश्विन आणि कार्तिक हे शरद ऋतूचे महिने, असे आपण पंचांगात वाचतो. कोकणातल्या शेतकऱ्याच्या घरी मात्र हा ऋतू पंचांग पाहून येत नाही. एखाद्या सकाळी पागोळ्यांचा आवाज थांबलेला असतो. चार महिने ओलसर राहिलेल्या पडवीत तिरपे ऊन उतरते आणि अंगणात शेपटी हलवीत धोबी पक्षी धावू लागतो. थंडीचा हा पाहुणा दरवर्षी उत्तरेकडून येतो.

मग घराला उसंत नसते. पावसाची झड अडवण्यासाठी पडवीला बांधलेले झावळ्यांचे झाप सुटतात. गोधड्या उन्हात पडतात. अंगणातले शेवाळ खरवडतात, जमीन खणून सपाट करतात, पाणी शिंपून चोपतात आणि शेणाने सारवतात. भाताचे भारे झोडणीसाठी येथेच यायचे असतात. अंगणाचे आता खळे झालेले असते.

शरदाच्या चांदण्याचे कौतुक कवींनी पुष्कळ केले आहे, आणि ते खोटे नव्हे. पण घरधन्याची नजर असते ती दुपारनंतर सह्याद्रीवर चढणाऱ्या ढगांकडे. हळवे, म्हणजे लवकर तयार होणारे, भात पिवळे झालेले असते. कापावे तर ते दोन-तीन दिवस शेतात वाळायला हवे. तेवढ्यात परतीचा पाऊस कोसळला तर भिजलेल्या लोंब्यांना मोड येतात. न कापावे तर दाणे झडतात. हा निर्णय किती अवघड, हे तुमच्यापैकी शेती करणाऱ्यांना सांगायला नको. मोसमी पाऊस मुंबईतून परतण्याची सर्वसाधारण तारीख पूर्वी २९ सप्टेंबर मानीत; २०२० मध्ये हवामान खात्याने ती ८ ऑक्टोबर केली. त्याच्या आदल्याच वर्षी, २०१९ च्या ऑक्टोबरअखेर, अरबी समुद्रात ‘क्यार’ चक्रीवादळ उठले आणि कोकणात हाताशी आलेले भात पाण्यात गेले.

तरीही आश्विनी पौर्णिमेला, जिला येथे नवान्न पौर्णिमा म्हणतात, भाताच्या नव्या लोंब्या घरी येतात. आंब्याची पाने आणि झेंडूची फुले यांच्यासह त्या दाराला बांधल्या जातात. त्या रात्री पानात नव्या तांदळाचा भात असतो. शेतात गरवे भात मात्र अजून उभेच असते. जेवण उरकल्यावर घरातले कोणीतरी अंगणात येते आणि पुन्हा एकदा आभाळ पाहून जाते.