न दिसलेले वाघ मोजतात कसे?

प्रश्न : जंगलातले सगळे वाघ दिसत नाहीत, मग आकडा येतो कुठून?

उत्तर : पूर्वी पंजाचे ठसे काचेवर गिरवून घेत, त्यात चुका फार व्हायच्या. आता वाटेच्या दोन्ही बाजूंना गुडघ्याच्या उंचीवर कॅमेरे बांधतात, कारण वाघाच्या दोन कुशींवरचे पट्टे वेगवेगळे असतात आणि पट्ट्यांवरूनच वाघ ओळखतात. पुढचा हिशेब तळ्यातल्या माशांसारखा. ५० मासे खूण करून सोडले आणि नंतर पकडलेल्या ४० मध्ये १० खुणेचे निघाले, तर तळ्यात साधारण २०० मासे. वाघांच्या बाबतीत पट्टे हीच खूण. असा हिशेब अंदाजच देतो, त्यामुळे उत्तर एका आकड्यात नव्हे तर पल्ल्यात येते; म्हणून २०२२चा भारतातल्या वाघांचा अंदाज ३,१६७ ते ३,९२५ असा आहे. बातमीत एकच आकडा दिसला, तर त्यामागचा पल्ला जरूर शोधा.