कानांनी शतक कसं ओलांडतात?

प्रश्न : हेडफोन लावून काळप्रवासावरची एक इंग्रजी श्रुतिका ऐकली. पात्रं यंत्रात बसली आणि थेट जुन्या काळात उतरली. कुणी तसं सांगायच्या आधीच मला ते कळलं होतं. सिनेमात वाडे, घोडे, पोशाख दाखवता येतात. इथे तर दाखवायला काहीच नाही. मग मला कळलं कसं?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : आज रात्री एक करून पाहा. जेवणं उरकली की स्वयंपाकघरातला दिवा मालवा आणि दोन मिनिटं डोळे मिटून बसा. फ्रिजची घरघर ऐकू येईल, पंख्याची कटकट, शेजारचा टीव्ही, खालून जाणारी मोटारसायकल. आता मनातल्या मनात यातलं एकेक बंद करत चला. शेवटी लांबवर भुंकणारं कुत्रं तेवढं उरेल, आणि तुम्ही शंभर वर्षं मागे गेलेले असाल. ध्वनियोजना करणारेही हेच करतात. घोड्यांच्या टापा नंतर, आधी आजची घरघर उपसून काढायची. ती चोवीस तास कानावर असते म्हणून जाणवत नाही, पण थांबली की अंगावर येते. तुमच्या कानांनी ते थांबणं टिपलं.

राहिला मधला प्रवास. त्यासाठी एक खूण लागते, आणि अशा खुणांमध्ये माझी सर्वांत आवडती खूण आहे ‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश मालिकेतल्या ‘टार्डिस’ या काळयंत्राच्या आवाजाची. १९६३ साली बीबीसीच्या रेडिओफोनिक वर्कशॉपमधल्या ब्रायन हॉजसन यांनी ती घडवली. आईच्या घराच्या दाराची किल्ली घेतली आणि एका मोडक्या, उघड्या पियानोच्या खर्जाच्या तारांवरून ती खरवडत नेली. झालेला आवाज टेपवर घेतला, उलटा चालवला, मंद केला, त्यावर प्रतिध्वनी चढवले.

उलटा का, तेही सांगतो. कुठल्याही तारेवर आघात केला की आवाज एकदम उमटतो आणि हळूहळू विरतो. टेप उलटी चालवली की तोच आवाज शून्यातून फुगत येतो आणि अचानक तुटतो. रोजच्या जगात असं होत नाही. म्हणून काळाचं काहीतरी बिनसलंय हे कानाला शब्दांवाचून कळतं. काळ मागे नेण्याची गोष्ट सांगताना त्या माणसाने निदान टेपपुरता काळ खरोखरच मागे नेला होता.

‘बिग फिनिश’ या कंपनीने १९९९ साली ‘द सायरन्स ऑफ टाइम’पासून याच मालिकेचा नायक असलेल्या ‘डॉक्टर’च्या श्रुतिका काढायला सुरुवात केली. त्या पहिल्या श्रुतिकेत पीटर डेव्हिसन, कॉलिन बेकर आणि सिल्व्हेस्टर मॅककॉय हे टीव्हीवर डॉक्टरची भूमिका केलेले तीन नट परत आले. मधे दहा-पंधरा वर्षं गेली होती. पडद्यावर ती चेहऱ्यावर दिसली असती, आवाजात मात्र वय फार उशिरा उतरतं. ऐकणाऱ्याला आपला जुना डॉक्टर जसाच्या तसा भेटला.

आणखी एक युक्ती तुमच्या लक्षात आली असेल : अशा नाटकात सतत प्रश्न विचारणारं एक पात्र असतं. चार्ल्स चिल्टन यांनी १९५३ साली बीबीसी रेडिओसाठी लिहिलेल्या ‘जर्नी इन्टू स्पेस’मध्ये ते काम लेमीकडे आहे. त्यातले अंतराळवीर १९६५ साली चंद्रावर जातात आणि पुढे पृथ्वीवर उतरतात ते प्राचीन काळात. यानातला रेडिओ सांभाळणारा लेमी घाबरतो, बावचळतो आणि विचारतो, म्हणून आपल्याला दिसतं. त्या पहिल्या ध्वनिमुद्रणाच्या टेप पुढे पुसल्या गेल्या आणि १९५८ मध्ये कथा ‘ऑपरेशन लूना’ या नावाने पुन्हा करावी लागली. टेप पुसणाऱ्या हाताला थांबवायला मागे जाता आलं असतं तर, असं हे वाचताना मला दर वेळी वाटतं.

मराठीत कानांनी ऐकावीशी वाटणारी एक गोष्ट माझ्या मनात बरीच वर्षं आहे : जयंत नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’. ती काळप्रवासाची नव्हे, समांतर इतिहासाची कथा आहे. पण पानिपत मराठ्यांनी जिंकलेल्या जगातल्या मुंबईत गाडीतून उतरल्यावर फलाटावर कोणती भाषा ऐकू येईल? हमाल काय ओरडत असतील? ती श्रुतिका कुणी केली तर मी पहिल्या दिवशी दिवे मालवून बसेन.